गर्भ ‘चिकटला नाही’ म्हणजे आत नेमकं काय घडलं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते, म्हणजे माझी कुठे चूक होत असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुमचं वय ३४. आयव्हीएफने प्रयोगशाळेत तयार करून गोठवलेल्या, म्हणजे फ्रोजन गर्भाचे दोन ट्रान्सफर झाले (गर्भ पिशवीत ठेवण्याला ट्रान्सफर म्हणतात), दोन्ही पाचव्या दिवसाचे गर्भ, दोन्ही ‘ए ग्रेड’. अस्तर दोन्ही वेळा ९ मिलिमीटरच्या आसपास. पहिल्या वेळी बीटा, म्हणजे रक्तातल्या एचसीजी या गर्भाच्या संप्रेरकाचा आकडा, शून्याजवळ आला. दुसऱ्या वेळी बाराव्या दिवशी १८ आला आणि चार दिवसांनी ६ झाला. दोन्ही वेळा तुम्हाला एकच सांगण्यात आलं, ‘गर्भ चिकटला नाही.’ दुसऱ्या ट्रान्सफरच्या दिवशी तुम्ही एसटीने ६० किलोमीटर घरी आलात, तिसऱ्या दिवशी शाळेत रुजू झालात आणि तुमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. जिने चढलीस म्हणून गर्भ निसटला, असं सासूबाईंचं म्हणणं. आता अस्तराची योग्य वेळ शोधणारी चाचणी आणि स्क्रॅचिंग, म्हणजे अस्तरावर मुद्दाम हलके ओरखडे काढणं, सुचवलं गेलंय. तुम्ही विचारताय की गर्भ चिकटत का नाही, आणि पुढच्या वेळी पंधरा दिवस रजा काढून झोपून राहू का.

गेली २६ वर्षं मी वंध्यत्वावर उपचार करते. हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर बसलेली कोणी ना कोणी विचारते आणि जवळजवळ प्रत्येकीच्या प्रश्नाखाली दुसरा एक प्रश्न असतो, ‘माझं काय चुकलं?’ तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे काही गोष्टींचं उत्तर ‘यावर अवलंबून आहे’ असंच द्यावं लागेल. पण जिन्याचं उत्तर कागद न पाहताही देता येतं. तुमचं काही चुकलेलं नाही. असं का म्हणते, ते नीट सांगते.

सर्वात आधी एक गोष्ट, जी तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. तुमची दोन अपयशं एकसारखी नाहीत. एचसीजी हे संप्रेरक गर्भाच्या बाहेरच्या पेशी तयार करतात आणि त्या पेशी तुमच्या अस्तरात शिरू लागल्या तरच ते तुमच्या रक्तात मोजण्याइतकं उतरतं. फ्रोजन ट्रान्सफरमध्ये, विशेषतः गोळ्यांवर अस्तर तयार केलं असेल तर, एचसीजीचं इंजेक्शन सहसा दिलेलं नसतं. मध्ये आधार म्हणून ते दिलं नव्हतं ना, एवढं फाइलमध्ये बघून घ्या. दिलं नसेल तर तो १८ आकडा त्या गर्भाचाच होता. म्हणजे दुसऱ्या वेळी गर्भ चिकटला होता, रुजायला लागला होता आणि मग थांबला. याला बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. ‘निगेटिव्ह’ या एका शब्दात हे बुडून जातं. मला ते बरोबर वाटत नाही, कारण पुढचा विचार यावरच ठरतो.

आता रुजणं म्हणजे काय, ते पाहू. नैसर्गिक गर्भधारणेत बीजाचं फलन नळीच्या रुंद भागात होतं. तिथून तीन-चार दिवस प्रवास करत गर्भ पिशवीत उतरतो. वाटेत एकाच्या दोन पेशी, दोनाच्या चार असं होत पाचव्या दिवशी त्याचा ब्लास्टोसिस्ट होतो. आत पाणी भरलेला एक चेंडू, एका बाजूला पेशींचा छोटा गोळा आणि सभोवती एक पदर. गोळ्यातून बाळ होतं, सभोवतीच्या पदरातून वार. तुमच्या दोन्ही ट्रान्सफरमध्ये याच टप्प्याचा गर्भ ठेवला. आकार किती? एक मिलिमीटरचा जेमतेम सातवा-आठवा भाग. बारीक रांगोळीचा एक कण डोळ्यांसमोर आणा. त्याच्याभोवती एक पारदर्शक कवच असतं. पिशवीत आल्यावर तो ते फोडून बाहेर पडतो. कवच असेपर्यंत तो कशालाच चिकटू शकत नाही. नळीतून जाताना वाटेतच कुठे अडकू नये म्हणून ही सोय आहे.

दुसरी बाजू अस्तराची. गर्भाशयाचं अस्तर गर्भाची वाट बघत कायम मऊ गादीसारखं पसरलेलं असतं, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात महिन्यातले बहुतेक दिवस ते गर्भाला थारा देत नाही. त्याच्या पृष्ठभागावर बुळबुळीत साखर-प्रथिनांचा थर असतो, जो जंतूंनाही दूर ठेवतो आणि गर्भालाही. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि त्याच्या प्रभावाखाली साधारण सहाव्या-सातव्या दिवसापासून चारेक दिवस हे दार उघडतं. २८ दिवसांच्या पाळीत हे अंदाजे २० ते २४ या दिवसांत येतं. या काळात अस्तरातल्या ग्रंथी स्रावाने भरतात, खालच्या पेशी फुगून पोषक होतात, पृष्ठभागावर चिकटण्यासाठी लागणारे रेणू येतात. मग दार मिटतं. पाचव्या दिवसाचा गर्भ ठेवायचा तर प्रोजेस्टेरॉनचे पाच पूर्ण दिवस होऊ द्यावे लागतात, त्याचं कारण हेच.

गर्भ आधी अस्तराला नुसता टेकतो. या वेळी तो हलू शकतो, थोडा सरकतो. मग बाहेरच्या पेशी आणि अस्तराच्या पेशी एकमेकींना धरतात. त्यानंतर खरं काम सुरू होतं. गर्भाच्या बाहेरच्या काही पेशी आपसांतल्या भिंती मोडून एक सलग थर बनवतात आणि तो थर अस्तराच्या पेशींमधून वाट काढत आत घुसतो. फलनानंतर साधारण दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत गर्भ पूर्णपणे अस्तराच्या आत गेलेला असतो आणि वरचं भोक भरून येतं. पेरलेलं बी मातीखाली जावं तसं. म्हणून मला ‘चिकटला’ या शब्दापेक्षा आपला जुना ‘रुजला’ हा शब्द अधिक खरा वाटतो.

हे सगळं आपल्याला कळलं कसं, हेही सांगावंसं वाटतं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बोस्टनजवळ आर्थर हर्टिग आणि जॉन रॉक या दोन डॉक्टरांनी, ज्यांची गर्भपिशवी काढायची ठरलेली होती अशा स्त्रियांना पाळीच्या आणि संबंधांच्या तारखा लिहून ठेवायला सांगितलं. पंधराएक वर्षांत दोनशेहून अधिक स्त्रियांच्या पिशव्या तपासल्यावर त्यांना अगदी पहिल्या अडीच आठवड्यांतले ३४ गर्भ सापडले. पाठ्यपुस्तकांत रुजणाऱ्या गर्भाची जी चित्रं असतात त्यांचा पाया तिथे आहे. त्या स्त्रियांनी टिपून ठेवलेल्या तारखा नसत्या तर कोणता गर्भ किती दिवसांचा हे सांगता आलं नसतं. आणि त्या ३४ मधलेही काही गर्भ मुळातच सदोष होते. म्हणजे कुठलाही उपचार नसलेल्या, निसर्गतः राहिलेल्या गर्भांतसुद्धा हे होतच होतं.

घरी गुरं असतील तर एक तुलना पटेल. गाईचा गर्भ पिशवीत आल्यावर लगेच रुजत नाही. तो आधी लांबच लांब धाग्यासारखा वाढतो आणि तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पिशवीच्या आतल्या ठरावीक गाठींना वरवर धरू लागतो. भिंतीत शिरत नाही. माणसाचा गर्भ मात्र भिंत उकरून पार आत जातो आणि पुढे आईच्या रक्तवाहिन्यांची रचनासुद्धा बदलतो. इतकी मोठी गुंतवणूक करायची तर शरीराने आधी पारखून घ्यायला हवं. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या संशोधनाचा कल हेच सांगतो की अस्तर हे पारखण्याचं काम करतं. ज्या गर्भात खोट आहे त्याच्याशी अस्तराच्या पेशी वेगळं वागतात आणि पुष्कळदा पाळी येऊन तो प्रयत्न तिथेच संपतो. न रुजणं हा दर वेळी अस्तराचा दोष नसतो. कित्येकदा ते अस्तराने आपलं काम बरोबर केल्याचं लक्षण असतं. हे ऐकायला कठोर वाटतं, मला कल्पना आहे.

निसर्गात हे किती वेळा होतं, याचा एक फार चांगला अभ्यास ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलिनात केला. दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करणाऱ्या २२१ निरोगी स्त्रियांची लघवी रोज तपासली. १९८८ मध्ये त्यांनी लिहिलं की सुरू झालेल्या गर्भधारणांपैकी २२ टक्के, त्या स्त्रीला किंवा डॉक्टरला कळायच्या आतच संपल्या होत्या. पुढचे गर्भपात धरले तर एकूण ३१ टक्के. त्या बायकांना वाटलं, पाळी आली. तुम्हाला बाराव्या दिवशी रक्त तपासल्यामुळे १८ हा आकडा दिसला. एरवी तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

याच मंडळींचा १९९९चा दुसरा निष्कर्ष तुमच्या केसला थेट लागू पडतो. टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्के गर्भ बीज सुटल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के लवकरच संपले, दहाव्या दिवशी रुजलेल्यांपैकी २६ टक्के, अकराव्या दिवशीच्यांपैकी ५२ टक्के आणि त्यानंतर रुजलेल्यांपैकी ८२ टक्के. उशिरा रुजणारा गर्भ टिकण्याची शक्यता कमी. ट्रान्सफरनंतर बाराव्या दिवशी चांगल्या गर्भाचा बीटा सहसा शेकड्यांत असतो. तुमचा १८ होता. तो गर्भ बहुधा उशिरा आणि अडखळत रुजत होता. याचा संबंध गर्भाच्या अंगभूत ताकदीशी असण्याची शक्यता सर्वात जास्त. शाळेच्या जिन्यांशी तो जोडता येत नाही.

आता जिने आणि एसटी. गर्भाशयाची पोकळी चित्रात रिकाम्या पिशवीसारखी काढतात, त्यामुळे आत ठेवलेली वस्तू खाली पडेल असं वाटणं साहजिक आहे. वास्तवात पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्या असतात. दोन्ही तळवे ओले करा, मध्ये रांगोळीचा एक कण ठेवा, तळवे जोडा आणि जिना चढून या. कण खाली पडणार नाही. त्यातून प्रोजेस्टेरॉनमुळे पिशवीचं तोंड घट्ट, चिकट स्रावाने बंद झालेलं असतं. लघवीला गेल्यावर गर्भ निघून जाईल अशी भीती तर फार जणींना असते. कित्येक जणी ट्रान्सफर टेबलावर तास-तासभर लघवी दाबून धरतात. लघवीची वाट वेगळी, पिशवीची वेगळी. शिंकणं, खोकणं, हसणं, जोर करून शौचाला होणं, यांतल्या कशानेही गर्भ बाहेर येत नाही.

प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. गर्भ ठेवला त्याच बिंदूवर खिळून बसतो असंही नाही. पहिले एक-दोन दिवस तो आतल्या आत सरकू शकतो, पिशवीच्या स्वतःच्या सूक्ष्म लाटांमुळे. १९७६ साली स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी आयव्हीएफने राहिलेल्या ज्या पहिल्या गर्भधारणेबद्दल लिहिलं, ती नळीत रुजली होती, जरी गर्भ पिशवीत ठेवला होता. पण या लाटा चालण्या-बसण्याने ठरत नाहीत. झोपून राहिल्याने त्या थांबतही नाहीत.

आयव्हीएफच्या सुरुवातीच्या काळात ट्रान्सफरनंतर बायकांना जगभर तासन्‌तास झोपवून ठेवत. मीसुद्धा पहिली काही वर्षं तीन दिवस झोपून राहायला सांगायचे, कारण मला तसंच शिकवलं होतं. मग तुलना करणारे अभ्यास आले. झोपून राहिल्याने फायदा दिसला नाही, काहींत तर यशाचं प्रमाण उलट कमी दिसलं. अमेरिकेतल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत ट्रान्सफरनंतर झोपून राहण्याचा सल्ला देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. तेव्हापासून माझ्याकडच्या बायका दहा मिनिटांत उठून चहा घेतात आणि घरी जातात. पंधरा दिवस पलंगावर पडून राहिलात तर पाठ दुखेल, बद्धकोष्ठ होईल आणि छताकडे बघत प्रत्येक कळेचा अर्थ लावत बसाल. सासूबाईंना हे सांगताना वाद घालू नका. त्यांच्या काळी ज्या बाईला दिवस जात, तिला जपायचा एकच मार्ग माहीत होता, तिला कामातून बाजूला करणं. त्यामागे माया होती. फक्त कारण चुकीचं लावलं गेलं.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ. पहिल्या वेळी गर्भ रुजायला लागला नाही, दुसऱ्या वेळी लागला आणि थांबला. दोन्हींत तुमच्या हालचालींचा वाटा नाही. मग कारण कुठे शोधायचं?

मी आधी गर्भाकडे बघते. ‘ए ग्रेड’ म्हणजे गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला चांगला. आतली गुणसूत्रं मोजलेली नसतात. तिशीच्या मध्यावर दिसायला चांगल्या ब्लास्टोसिस्टपैकीही साधारण तीनातल्या एकाची गुणसूत्रं कमी-जास्त असतात, चाळिशीत निम्म्याहून अधिकांची. असे बहुतेक गर्भ रुजत नाहीत किंवा रुजून थांबतात. हे बीज तयार होतानाच घडतं आणि वयाशी बांधलेलं आहे. पन्नाशीच्या जवळच्या स्त्रीच्या पिशवीतही तरुण दात्रीच्या बीजाचा गर्भ चांगला रुजतो, यावरून पारडं कुठे झुकतं ते कळतं.

आता थोडा हिशेब. तुमच्या वयाला, गुणसूत्रं न तपासलेल्या एका गर्भामागे यशाची शक्यता समजा ३५ टक्के धरली. हा आकडा सोयीसाठी घेतलाय, तुमच्या केंद्राचा वेगळा असू शकेल. तर सलग दोनदा अपयश येण्याची शक्यता ०.६५ गुणिले ०.६५, म्हणजे ४२ टक्के. कुठलाही दोष नसलेल्या १०० जोडप्यांपैकी ४२ जोडपी आज तुमच्या जागी असतील, आणि तिसऱ्यांदाही अपयश आलेली २७. म्हणून दोन अपयशांवरून ‘तुमची पिशवी गर्भ घेत नाही’ असा शिक्का मी मारणार नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, गुणसूत्रं तपासून बरोबर निघालेले गर्भ ज्यांना एकेक करून ठेवले अशा चार हजारांहून अधिक स्त्रिया होत्या आणि त्यांच्या पिशवीच्या रचनेत दोष नव्हता. तीन ट्रान्सफरपर्यंत त्यांच्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त जणींना मूल होण्याची शक्यता निघाली. पिशवीच मुळात गर्भ नाकारते असं खरोखर फार थोड्या स्त्रियांत होतं.

तर मग सुचवलेल्या चाचण्या. अस्तराची वेळ शोधणाऱ्या चाचणीत अस्तराचा तुकडा घेऊन त्यातली जनुकं वाचतात आणि ट्रान्सफर काही तास पुढे-मागे करायला सांगतात. कल्पना तर्कशुद्ध आहे आणि मीही काही वर्षं ती मनापासून वापरली. २०२२ मध्ये ७६७ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तपासून वेळ बदललेल्या गटात ५८.५ टक्क्यांना मूल झालं, नेहमीच्या वेळी ट्रान्सफर केलेल्या गटात ६१.९ टक्क्यांना. फायदा नाही. स्क्रॅचिंगचं त्याहून जुनं आहे. २०१९ मध्ये न्यूझीलंडमधून चालवलेल्या १,३६४ स्त्रियांच्या अभ्यासात दोन्ही गटांत यश अगदी सारखं निघालं, २६.१ टक्के. हे अभ्यास खास वारंवार अपयश आलेल्यांवर केलेले नव्हते, त्यामुळे एखाद्या निवडक स्त्रीला उपयोग होतच नसेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण दोन अपयशांनंतर आणि तेही एकदा रुजायला सुरुवात झालेली असताना, मी माझ्या बहिणीला यावर पैसे खर्च करू देणार नाही. तुमच्या डॉक्टरांशी भांडू नका. ‘माझ्या केसमध्ये याने नेमकं काय बदलेल?’ एवढं शांतपणे विचारा.

रक्त पातळ करायची पोटातली इंजेक्शनंही हल्ली सर्रास दिली जातात. ज्यांच्या रक्तात विशिष्ट प्रतिद्रव्यं सापडली आहेत, त्यांना त्यांचा उपयोग आहे. बाकीच्यांसाठी तर्कही जुळत नाही. पहिले दोन-अडीच महिने आईचं रक्त वारेत मोकळं वाहतच नसतं. गर्भाच्या पेशींनी रक्तवाहिन्यांची तोंडं बुचासारखी बंद केलेली असतात आणि गर्भ अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावावर वाढतो. कमी प्राणवायू हीच त्या काळातली त्याची गरज असते.

मी काय तपासेन ते सांगते. पहिलं, प्रोजेस्टेरॉन. तुमचं चक्र गोळ्यांवरचं असेल तर बीज सुटलेलं नसतं, म्हणजे तुमच्या शरीरात ते तयारच होत नसतं. जे काही आहे ते बाहेरून दिलेलं. यात मला खरंच कडक राहावंसं वाटतं. डोस चुकवायचा नाही, वेळ पाळायची, आणि ट्रान्सफरच्या सुमारास रक्तातली पातळी एकदा मोजायची. मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर मी इंजेक्शन जोडते. योनीत ठेवलेल्या गोळीचा पांढरा चोथा बाहेर येतो तेव्हा औषध वाया गेलं असं वाटून काही जणी घाबरतात. औषध शोषलं गेलेलं असतं, बाहेर येतो तो वाहक पदार्थ. तुमची पाळी नियमित असेल तर पुढचा ट्रान्सफर नैसर्गिक चक्रात करता येईल का, हेही विचारा. त्यात बीज सुटल्यावर शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन बनवतं आणि पुढे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोकाही कमी दिसलाय.

दुसरं, नळ्या. नळी पाण्याने फुगलेली असेल तर ते पाणी पिशवीत झिरपतं आणि गर्भाला मारक ठरतं. अशी नळी ट्रान्सफरआधी काढावी किंवा बंद करावी लागते. याचा फायदा ठामपणे सिद्ध झालेला आहे. तिसरं, पोकळीच्या आतला पॉलिप, आत डोकावणारी गाठ, पडदा किंवा चिकटलेल्या भिंती. दुर्बिणीने एकदा पाहून घेतलं असेल तर उत्तम. आपल्या देशात चौथी एक गोष्ट विसरून चालत नाही, पिशवीचा क्षयरोग. तो गुपचूप येतो, नळ्या आणि अस्तर दोन्ही खराब करतो. पण नुसत्या एका पीसीआरच्या (जंतूचे जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीच्या) पॉझिटिव्ह रिपोर्टवर सहा महिने औषधं सुरू झालेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत, तेही योग्य नाही. नळ्यांचं स्वरूप, अस्तराची तपासणी, कल्चर (जंतू वाढवून बघणं) हे सगळं मिळून निर्णय घ्यायचा. थायरॉइड आणि साखर तुमची झालीच असेल. अस्तराची जाडी ९ आहे, तिची चिंता सोडून द्या. सातच्या पुढे आकड्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात कोणीतरी सांगणारच. पिकलेली पपई, तीळ, अंडं यांतल्या कशाने रुजणारा गर्भ पडत नाही. कच्च्या पपईचा चीक टाळा, एवढं पुरे. ‘उष्ण-थंड’ च्या भीतीने जेवण अर्धं करू नका. ज्या गोष्टीबद्दल खरंच आवाज चढवायला हवा ती आपल्याकडे बायका सहज सांगत नाहीत. मिश्री. दात घासायला म्हणून लावलेली तंबाखूच ती. नवऱ्याचा गुटखा आणि सिगारेटही त्यातच धरा. तुमच्या घरात हे नसेल तर ही ओळ सोडून द्या.

ट्रान्सफरनंतरच्या दिवसांत अंग जड होणं, स्तन दुखणं, पोट फुगणं हे प्रोजेस्टेरॉनमुळे होतं, गर्भ असो वा नसो. काहीच न जाणवणं हेही अपयशाचं चिन्ह नाही. रुजताना डाग पडतो असं म्हणतात. विल्कॉक्स यांच्याच गटाने ते तपासलं, तेव्हा पहिल्या आठ आठवड्यांत रक्तस्राव दिसलेल्या स्त्रिया जेमतेम ९ टक्के होत्या आणि तो रुजण्याच्या दिवशी क्वचितच आला होता. त्यांतल्या बहुतेकींना पुढे बाळ झालं. म्हणून डाग दिसला तरी स्वतःहून औषध बंद करू नका, ठरलेल्या दिवशी रक्त तपासा.

एक गोष्ट मात्र आजच करा. तुमचा शेवटचा बीटा ६ होता. तो ५ च्या खाली गेल्याचा रिपोर्ट तुमच्या हातात आहे का? नसेल तर उद्या तपासून घ्या. कमी आकड्यावर रेंगाळणारा बीटा कधीकधी नळीतल्या गर्भाचा असतो. पोटाच्या एका बाजूला वाढत जाणारं दुखणं, चक्कर, खांद्यात कळ असं काही झालं तर उत्तराची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. तुमचा आकडा उतरत होता, तेव्हा शक्यता कमी आहे, पण हे कागदावर पूर्ण झालेलं असावं.

राहिली रजा. ट्रान्सफरच्या दिवसाची घ्या, प्रवासाने थकवा येत असेल तर दुसऱ्या दिवसाचीही. मग शाळेत जा. जिने तुमच्या नेहमीच्या चालीने चढा. वर्गातली चाळीस मुलं तुम्हाला त्या बारा दिवसांत सावरतील. एक रजा बीटाच्या दिवसासाठी राखून ठेवा, रिपोर्ट काहीही आला तरी त्या दिवशी घरी असलेलं बरं. बाकीची शिल्लक राहू द्या. नववा महिना लागेल तेव्हा ती मोजून काढता येईल.